महसुली पत्रकांतील लुप्त रकाने व त्यांचें वाचन

मराठवाड्यांतील जमिनीचे जुने कागद ज्यांनीं हाताळले आहेत त्यांस एक अडचण हटकून येते. पत्रकाच्या माथ्यावर दहापंधरा रकान्यांचीं नांवें असतात, आणि त्यांपैकीं निम्म्यांचा अर्थ आज गांवांत कोणी सांगूं शकत नाहीं. कांहीं रकाने अथपासून इतिपर्यंत कोरे असतात. कांहींत एकच शब्द पानामागून पान उतरविलेला असतो. आणि कांहींत असे आकडे असतात कीं ते रुपये आहेत, आणे आहेत कीं गुंठे आहेत हें कळत नाहीं. वाचणारा सामान्यतः असे रकाने सोडून देतो व खातेदाराचें नांव तेवढें टिपून घेतो. ही रीत सोपी खरी, परंतु घातक आहे. ज्या रकान्यास आपण मेलेला समजतों त्याच्यावरच पुष्कळदा घराचा हक्क उभा असतो.

ज्या रकान्याचें मूळ प्रयोजन संपलें परंतु ज्याची जागा पत्रकांत राहिली, किंवा ज्याची जागाही गेली परंतु ज्यांतील मजकूर दुसऱ्या रकान्यांत जाऊन बसला, त्यास आम्ही या लेखांत लुप्त रकाना म्हणतों. ‘लुप्त’ हा शब्द आम्ही व्याकरणशास्त्रांतील अर्थानें योजिला आहे. पाणिनीच्या शास्त्रांत प्रत्ययाचा लोप झाला म्हणजे तो दिसेनासा होतो, पण त्याच्या निमित्तानें व्हावयाचें कार्य मात्र होतच राहतें. महसुली रकान्यांची गोष्ट नेमकी अशीच आहे. ते वाचण्याचे कांहीं नियम कन्नड तालुक्याच्या संदर्भांत येथें मांडण्याचा विचार आहे.

कन्नड तालुका या अभ्यासास विशेष सोयीचा आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर शिवना नदीच्या कांठीं वसलेलें हें गांव निजामाच्या राज्याच्या वायव्य सीमेजवळ होतें. औट्रम घाट उतरला कीं चाळीसगांव, म्हणजे इंग्रजी अमलांतील खानदेश. घाटावर एक नाणें व एक सन, घाटाखालीं दुसरें नाणें व दुसरा सन, अशी येथील व्यवहाराची स्थिति होती. शिवाय राज्यव्यवस्थेचे थरही येथें एकावर एक बसले आहेत. १८६५ सालीं पहिल्या सालारजंगांनीं जिल्हाबंदी केली. पुढें मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी व जमाबंदी झाली. १८८४ सालीं सरकारी दफ्तराची भाषा फारसीऐवजीं उर्दू झाली. गांवचा पटवारी मात्र मोडींत मराठीच लिहीत राहिला. १३१७ फसलींत, म्हणजे १९०७-०८ सालीं, हैदराबादचा जमीन महसूल कायदा झाला. १९४८ च्या सप्टेंबरांत निजामी अंमल संपला आणि १३५८ फसलींत हक्कनोंदणीचा विनियम निघाला. १९५० सालीं हैदराबादचा कूळकायदा झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत व १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत आला, आणि १५ ऑगस्ट १९६७ पासून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागू झाली. सेतवार, पाहणी पत्रक, १९५४-५५ चें खासरा पत्रक आणि आजचा सातबारा हे कागद या निरनिराळ्या थरांचे आहेत. प्रत्येक नव्या थरानें जुन्या थराचे कांहीं रकाने उचलले, कांहीं टाकले, आणि कांहीं नांव बदलून ठेवले.

टाकावयाचे रकाने टाकले कां जात नाहींत, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचें कारण असें कीं एका रकान्यावर दुसरे अनेक हिशेब अवलंबून असतात. मराठेशाहींतील ‘तनखा’ हें याचें ठळक उदाहरण आहे. तनखा म्हणजे पूर्वीच्या राजवटींत गांवास ठरविलेली मूळ आकारणी. गांव उजाड झाला, प्रत्यक्ष वसूल त्याच्या कितीतरी खालीं गेला, तरी तनख्याचा आंकडा कागदावर तसाच चालत राहिला. कारण १७१९ च्या सनदांनंतर चौथाई व सरदेशमुखी यांची मागणी त्या जुन्या आंकड्याच्या आधारें मांडतां येत असे. ज्या आंकड्याइतका पैसा रयतेकडून येत नव्हता, तोच आंकडा दोन सत्तांमधील वादाचा पाया होता. त्यास निरर्थक म्हणून वगळणाऱ्या अभ्यासकास अठराव्या शतकाचें दक्षिणेंतील राजकारण समजणार नाहीं.

हीच गोष्ट आजच्या अत्यंत आधुनिक दफ्तरांतही घडते, हें सांगितल्यास वाचकांस नवल वाटेल. बँका व विमाकंपन्या यांचे हिशेब ज्या मोठ्या मेनफ्रेम संगणकांवर चालतात, त्यांवर आय.बी.एम. कंपनीची डीबी-टू ही माहितीसंग्रहाची प्रणाली १९८३ पासून प्रसिद्ध आहे. या संग्रहांत कोणकोणतीं कोष्टकें आहेत याची नोंद ठेवणारीं स्वतंत्र कोष्टकें असतात. त्यांस कॅटलॉग म्हणतात. जमिनीस जशी सेतवार, तसा या संग्रहास हा कॅटलॉग. त्यांतील ‘सिसटेबल्स’ नांवाच्या कोष्टकांत ‘कार्ड’ नांवाचा एक रकाना आहे, व एखाद्या कोष्टकांत किती ओळी आहेत तें त्यांत लिहिलें जाई. त्या रकान्यांत २,१४,७४,८३,६४७ याहून मोठी संख्या मावत नव्हती. कोष्टकें त्याहून मोठीं होऊं लागलीं तेव्हां ‘कार्ड-एफ’ हा नवा रकाना शेजारीं आला आणि जुना रकाना ‘वापरांत नाहीं’ असा शेरा मिळूनही जागेवरच राहिला. जुना रकाना एकदम काढून टाकला तर तो गृहीत धरून लिहिलेले कार्यक्रम अडतात. या कॅटलॉगांतील आणखी एक संकेत ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. ओळींच्या संख्येच्या जागीं शून्य असेल तर ओळी नाहींत असा अर्थ. परंतु उणे एक असेल तर अद्याप कोणी मोजल्याच नाहींत असा अर्थ. ‘नाहीं’ व ‘पाहिलें नाहीं’ यांत यंत्रानें केलेला हा भेद आमच्या पटवाऱ्यांनींही आपल्या परीनें केला होता, तो पुढें येईलच.

आतां वाचनाच्या नियमांकडे वळूं. पहिला नियम सनाचा आहे. हैदराबाद संस्थानांत फसली सन चाले व त्याचें सरकारी वर्ष ऑक्टोबरच्या आरंभीं आजूर महिन्यापासून सुरू होऊन आबान महिन्यांत संपे. म्हणून फसली सनांत आजूरपासून डिसेंबरअखेर ५९० व पुढें ५९१ मिळविले म्हणजे इसवी सन येतो. केवळ सालाचा आंकडा घेऊन महिना सोडला तर काय होतें तें १३५७ फसलीवरून दिसेल. हें वर्ष १९४७ च्या ऑक्टोबरांत सुरू होऊन १९४८ सालीं आबान महिन्याअखेर संपतें. निजामी अंमल १७ सप्टेंबर १९४८ रोजीं संपला. तेव्हां १३५७ फसलींतील ताब्याची नोंद जवळजवळ सर्व वर्षभर जुन्या अमलांतील, पण आबानांतील असेल तर कदाचित् नव्या अमलांतीलही असूं शकते. त्या धामधुमींत अनेक कुटुंबें गांव सोडून गेलीं व परत आलीं. त्यांच्या दृष्टीनें हा एक महिना फार मोलाचा आहे. त्याहून जुन्या मराठी कागदांत शुहूर सन असतो व त्यांत ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. फसली व शुहूर यांची गल्लत झाली तर तब्बल नऊ वर्षांचा फरक पडतो.

दुसरा नियम मापाचा. ‘आकार’ हा रकाना आजच्या सातबाऱ्यावरही आहे, म्हणून तो लुप्त नव्हे असें कोणी म्हणेल. परंतु त्याचें नांव राहिलें असलें तरी मोजमाप दोनदां बदललें आहे. संस्थानांत हाली सिक्का चाले व इंग्रजी रुपयास लोक कलदार म्हणत. ७ हाली रुपये म्हणजे ६ कलदार असा शेवटचा ठरीव भाव होता. १९५० च्या दशकांत हाली नाणें बंद झालें आणि १ एप्रिल १९५७ पासून आणे जाऊन दशमान पैसे आले. समजा, जुन्या पत्रकांत एका शेताचा आकार ‘३-८’ आहे. हे ३ रुपये ८ आणे हाली असतील तर त्यांचे बरोबर ३ रुपये कलदार होतात. कलदार असतील तर ३ रुपये ५० पैसे होतात. आणि नकलाकारानें आण्यांचा विचार न करतां ‘३.०८’ असें उतरलें तर तो आंकडा कोणत्याच काळाचा राहत नाहीं. आकाराची रक्कम आज क्षुल्लक वाटते. परंतु दोन कागदांतील शेत एकच आहे किंवा नाहीं हें पडताळण्यास क्षेत्र, आकार व चतुःसीमा हींच साधनें असतात. एकत्रीकरणानंतर सर्व्हे नंबर जाऊन गट क्रमांक आले त्या गांवीं तर आकाराचा मेळ हा मोठाच आधार आहे.

क्षेत्राच्या रकान्यांत यापेक्षां मोठा धोका आहे. जुनें क्षेत्र एकर व गुंठे यांत आणि नवें हेक्टर व आर यांत असतें. एक गुंठा हा एका आराहून किंचित् मोठा, म्हणून दोन्ही जवळजवळ सारखेच. पण ४० गुंठ्यांचा एकर होतो व १०० आरांचा हेक्टर होतो. ‘२-२०’ हें एकर-गुंठ्यांत असेल तर अडीच एकर, म्हणजे सुमारें १ हेक्टर १ आर. तोच आंकडा हेक्टर-आर समजून वाचला तर सुमारें ५ एकर १७ गुंठे होतात. भावकींत वर्षानुवर्षें चालणाऱ्या वादाला एवढी गफलत पुरेशी आहे. उजवीकडचा आंकडा सबंध पत्रकांत कोठेंही ३९ च्या पुढें जात नसेल तर माप बहुधा एकर-गुंठे समजावें, आणि एकदां जरी त्याच्या पुढें गेला तर तें माप एकर-गुंठे नव्हे हें निश्चित.

तिसरा नियम शब्दाचा. संस्थानी पत्रकांतील अनेक शीर्षकें फारसी-अरबी आहेत व तीं ऐकीव अर्थानें लावणें धोक्याचें आहे. ‘खुश्की’ म्हणजे कोरडवाहू. यांतील खुश्क हा शब्द संस्कृत शुष्क शब्दाचा सख्खा भाऊ आहे. ‘तरी’ म्हणजे ओलिताची, विशेषेंकरून तळ्याच्या पाण्यावरील जमीन. तळ्यांवरची भातशेती हें तेलंगणाचें वैशिष्ट्य. म्हणून आमच्या डोंगराळ भागांत हा रकाना रिता दिसला तर तेथें विहीर नव्हती असा तर्क करूं नये. रकाना एका मुलखासाठीं योजिला गेला व दुसऱ्या मुलखांतही छापला गेला, एवढाच त्याचा अर्थ असूं शकतो.

‘शिकमी’ हा शब्द याहून नाजूक आहे. फारसींत शिकम म्हणजे पोट. पोटहिस्सा, पोटखराबा या शब्दांतील पोट तेंच. परंतु संस्थानी कायद्यांत ‘शिकमीदार’ आणि ‘असामी शिकमी’ हीं दोन भिन्न माणसें आहेत. शिकमीदार हा पट्टेदाराप्रमाणें जमिनींत स्वतःचा हक्क असलेला, किंवा मुळापासून त्याच्यासह वहिवाट करणारा सहभागी. असामी शिकमी हा पट्टेदाराकडून अथवा शिकमीदाराकडून जमीन कसावयास घेणारें कूळ. नकलेंत नुसतें ‘शिकमी’ एवढेंच उतरलें तर भाऊ कूळ ठरतो किंवा कूळ भाऊ ठरतो. पुढें १९५० च्या कायद्यानें संरक्षित कुळांची वर्गवारी झाली व त्यांतील कलम ३८-ई अन्वयें अशा कुळांकडे मालकी जाण्याची तरतूद झाली; तेव्हां या दोन शब्दांतील अंतर केवळ कोशापुरतें उरलें नाहीं.

इनामाच्या रकान्यांतही असाच प्रकार आहे. ‘मदद-इ-मआश’ म्हणजे चरितार्थास साहाय्य. लोकांच्या बोलण्यांत त्याचें मदतमाश झालें. ‘खिदमत’ म्हणजे सेवा. मंदिर, मशीद, दर्गा अशा संस्थेच्या सेवेच्या अटीवर दिलेली जमीन ती खिदमतमाश. पहिल्या प्रकारांत दान व्यक्तीस आहे व दुसऱ्यांत तें सेवेस आहे. हैदराबाद संस्थानांतील इनामें १९५० च्या दशकांतील कायद्यानें रद्द झालीं, आणि त्यानंतर हा रकाना निरुपयोगी झाला असें पुष्कळांस वाटलें. परंतु २०२४ सालीं मराठवाड्यांतील या जमिनी भोगवटादार वर्ग १ मध्यें आणण्याचा विषय राज्यशासनानें हातीं घेतला तेव्हां मदतमाश व खिदमतमाश यांस निरनिराळी वागणूक ठरली. म्हणजे जुन्या पत्रकांतील त्या एका शब्दावर आज हजारों रुपयांचा नजराणा अवलंबून आहे. अशा ठिकाणीं पत्रकावर विसंबून न राहतां इनाम चौकशीचा मुंतखब, म्हणजे निर्णयाचा उतारा, पाहणें अवश्य आहे. पत्रक हें मुंतखबाच्या छायेप्रमाणें समजावें.

चौथा नियम रित्या जागेचा, आणि आमच्या मतें हाच सर्वांत महत्त्वाचा आहे. पत्रकांतील रिती जागा एकाच प्रकारची नसते. ‘निरंक’ किंवा शून्य लिहिलें असेल तर लिहिणाऱ्यानें पाहिलें व कांहीं आढळलें नाहीं. ‘ऐजन’ किंवा ‘कित्ता’ असेल तर वरचाच मजकूर खालीं लागू आहे. येथें वरचें पान फाटलेलें असल्यास खालची नोंद निराधार होते, म्हणून नक्कल घेतांना मागील पानही घेतलें पाहिजे. नुसती रेघ असेल तर तो प्रश्न या शेतास लागूच नाहीं असें बहुधा म्हणावयाचें असतें. आणि जागा निखळ कोरी असेल तर चौकशी झाली नाहीं, किंवा झाली पण लिहिली नाहीं, एवढेंच म्हणतां येतें. कोऱ्या जागेवरून ‘नव्हतें’ असें अनुमान काढणें हा अनुपलब्धीचा दुरुपयोग होय. जी वस्तु तेथें असती तर निश्चित दिसली असती, तिच्याच न दिसण्यावरून तिचा अभाव सिद्ध होतो, हा आपल्या तर्कशास्त्राचा दंडक येथेंही पाळला पाहिजे.

यासाठीं एक व्यवहारी कसोटी आहे. एका शेताची ओळ पाहून थांबूं नये. तोच रकाना सबंध गांवाच्या पत्रकांत वरपासून खालपर्यंत पाहावा. सर्व गांवाचा रकाना कोरा असेल तर त्या वर्षीं तो भरलाच गेला नाहीं, आणि आपल्या ओळींतील कोरेपणास कांहीं अर्थ नाहीं. पण शेजारच्या शंभर ओळी भरलेल्या असून एकच कोरी असेल, तर ती कोरी जागा कांहीं सांगत आहे व तिचें कारण शोधलें पाहिजे. २०२३ सालीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या समितीनें कुणबी नोंदींच्या शोधासाठीं मराठवाड्यांतील निजामकालीन दफ्तरें पाहण्यास आरंभ केला, तेव्हांपासून आमच्याकडेही तालुक्यांतील कुटुंबें जुने कागद घेऊन येतात. त्या प्रश्नाच्या वादांत शिरण्याचें हें स्थान नव्हे. परंतु जातीचा रकाना भरलेला असो कीं कोरा असो, तो कोणत्या कामासाठीं व कोणत्या अधिकाऱ्याच्या हुकुमानें ठेवला गेला, आणि त्या गांवीं तो नियमानें भरला जात होता कीं काय, हें आधीं पाहिल्यावांचून कोणत्याही बाजूनें निष्कर्ष काढूं नये, एवढें आम्ही प्रत्येकास सांगतों.

पांचवा नियम स्थलांतराचा. रकाना गेला तरी त्यांतील मजकूर बहुधा जात नाहीं. तो ‘इतर हक्क’ किंवा ‘शेरा’ या सदरांत जाऊन राहतो. २०२० सालीं राज्यशासनानें सातबाऱ्याच्या नमुन्यांत बदल केले व बिनशेती जमिनीच्या उताऱ्यांतून पोटखराबा, जुडी व विशेष आकारणी, कूळ व खंड हे रकाने वगळले. जुडी म्हणजे इनाम जमिनीवरील सवलतीचा सारा. तो रकाना पाहून ही जमीन एके काळीं इनाम होती हें कळत असे. नव्या उताऱ्यावर ती खूण दिसणार नाहीं. म्हणून बिनशेती झालेल्या भूखंडाचा पूर्ववृत्तांत पाहतांना त्याच्या शेती असतांनाच्या शेवटच्या उताऱ्यापर्यंत मागें गेलें पाहिजे.

याच संदर्भांत ‘ए.कु.मॅ.’ या शेऱ्याचा उल्लेख करणें अवश्य आहे. एकत्र कुटुंब मॅनेजर असा त्याचा विस्तार. वडील वारल्यावर थोरल्या मुलाचें नांव या शेऱ्यासह लागे. तो मालक म्हणून नव्हे तर सर्व घराच्या वतीनें कारभारी म्हणून. पुढें नकलांमागून नकला होतांना तीं तीन अक्षरें गळलीं कीं उताऱ्यावर केवळ एकाचें नांव उरे व धाकटे भाऊ, बहिणी यांचा हक्क कागदावरून नाहींसा होई. २०२५ सालीं राज्यांत ‘जिवंत सातबारा’ मोहीम निघाली. मृत खातेदारांच्या वारसांचीं नांवें लावणें व कालबाह्य नोंदी कमी करणें हा तिचा हेतु. मोहीम स्तुत्यच आहे. परंतु ए.कु.मॅ. हा शेरा कमी करावयाचा तो सर्व वारसांचीं नांवें चढवूनच. नुसता खोडून नव्हे. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें व २००५ च्या दुरुस्तीनें मुलींस जो हक्क मिळाला, तो मागण्यास पुष्कळ ठिकाणीं हीं तीन अक्षरें हाच पहिला पुरावा आहे. जी नोंद कालबाह्य म्हणून पुसावयाची तिच्यावर कोणाचा जिवंत हक्क टेकला आहे काय, हें आधीं पाहणें हेंच या विषयाचें सार होय.

यावरून नकला घेणारांस व अभ्यासकांस चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पत्रकाची नक्कल करतांना माथ्यावरील शीर्षकांची नक्कल अक्षरशः करावी, अर्थ लावून नवें शीर्षक घालूं नये. कोरे रकाने कोरे म्हणून दाखवावे, वगळूं नयेत. सन, नाणें व क्षेत्र यांचीं मूळ मापें ठेवून त्यांचें रूपांतर वेगळ्या स्तंभांत द्यावें. आणि जुन्या वह्या संगणकांत चित्ररूपानें साठवितांना वहीचें पहिलें पान, पुठ्ठ्यावरील मजकूर व शेवटचें प्रमाणपत्र हीं सोडूं नयेत. कारण रकान्याचा अर्थ पुष्कळदा तेथेंच लिहिलेला असतो.

संस्थानी पत्रकांच्या शीर्षकांचा एक सार्थ कोश तयार होणें अत्यंत अगत्याचें आहे. उर्दू व मोडी दोन्ही वाचूं शकणारीं माणसें आमच्या भागांत आतां थोडींच उरलीं आहेत, आणि हें काम त्यांच्या हयातींतच झालें पाहिजे. ज्या वाचकांपाशीं सेतवार, पाहणी पत्रक, फैसल पट्टी किंवा खासरा पत्रक यांचीं पानें असतील त्यांनीं खातेदारांचीं नांवें झांकून केवळ माथ्याच्या शीर्षकांच्या नकला, गांव व साल यांसह, मंडळाकडे पाठवाव्या अशी विनंति आहे. पुरेशा नकला जमल्या म्हणजे त्यांचें तालुकावार कोष्टक करून या त्रैमासिकांत देण्याचा आमचा मानस आहे.